पाचशे बासष्ट ग्रेन

हेल्वीच्या नावानं परवाना निघाला त्या दिवशी मी तिच्याच छपरावर बसून धुराड्यातली काजळी खरवडत होतो. ती फोन हातात घेऊन अंगणात आली आणि खालून ओरडली, "ताइस्तो, उतर खाली! नर मिळालाय!"

"तुला? या वयात?"

"मूस रे, गाढवा. नर मूस. धनुष्याच्या हंगामातला."

मी तसाच काळ्या तोंडानं खाली आलो आणि फोनवरची अक्षरं दोनदा वाचली. आमच्या थंडर बेच्या भागात नर मूसचा, घोड्याहून उंच अशा त्या हरणाचा, परवाना म्हणजे काय, ते इथल्या कुठल्याही शिकाऱ्याला विचारा. माणसं दहा-दहा वर्षं अर्ज करतात, दरवर्षी नकार ऐकतात आणि बदकांवर समाधान मानतात. त्यातून हा बंदुकीच्या आधीचा हंगाम. सप्टेंबरची अखेर, नर माजावर आलेले, हाक दिली तर ओ देत चालत येणारे. तिच्या जागी मी असतो तर अंगणात नाचलो असतो. हेल्वी पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी अर्ज तरी कशाला केला, कुणास ठाऊक."

ती असं का म्हणाली ते मला माहीत होतं.

हेल्वी माझी थोरली बहीण. सहासष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली, उणे पस्तीसच्या थंडीत, काचेसारख्या रस्त्यांवरून, आणि एकदाही तिचं चाक खड्ड्यात गेलं नाही. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला साधं धनुष्य ओढवेना, म्हणून तिनं क्रॉसबो घेतला. बंदुकीसारखा खांद्याला लावायचा, पुढे आडवी कमान. दोरी हँडल फिरवून मागे आणून अडकवायची, बाण ठेवायचा, चाप दाबायचा. आठ वर्षांपूर्वी याच क्रॉसबोनं तिनं एका नरावर बाण सोडला होता, त्रेचाळीस पावलांवरून. तो बाण मी बनवलेला. हलका, सडपातळ, पुढे शंभर ग्रेनचं घडीचं टोक, ज्याची पाती अंगात शिरताना उघडतात. सेकंदाला जवळजवळ चारशे फूट वेग. त्या वेगाची बढाई मी गावभर मारत असे.

बाण लागला. फाडकन हाडाचा आवाज आला आणि नर बाणासकट झाडीत घुसला. आम्हाला मोडलेली अर्धी दांडी सापडली, तिच्यावर जेमतेम दोन बोटं रक्त. दोन दिवस आम्ही गुडघाभर चिखलातून त्याला शोधत फिरलो. तो मेला की जगला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हेल्वी मला त्यावर एका शब्दानं बोलली नाही. घरी येऊन तिनं क्रॉसबो कपाटावर ठेवला, आणि सात वर्षं तो तिथंच राहिला. आठव्या वर्षी तिनं कुणालाही न सांगता अर्ज केला आणि पहिल्याच फटक्यात तिचं नाव लागलं.

दुसऱ्या दिवशी मी माझा बाणांचा डबा घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं डबा उघडलासुद्धा नाही.

"तुझे नकोत."

"अगं, हे नवीन आहेत. आधीपेक्षाही हलके. सुटला की मूसला कळायच्या आत..."

"गेल्या वर्षी तुझ्या क्रॉसबोची कमान कशानं तडकली?"

बाण फार हलका असला की कमानीचा सगळा जोर त्याच्याबरोबर जात नाही, उरलेला कमानीतच घुमतो. माझी कमान तशीच तडकली होती, माझ्या कानाशेजारी, आणि तो किस्साही गावभर झाला होता.

"चल, बोहदानकडे जाऊ," ती म्हणाली.

बोहदान ह्रिन्किव म्हणजे आमच्या वस्तीचा जुना औषधवाला. ऐंशीच्या पुढचा, काटकुळा, कुत्सित. दुकान विकून वीस वर्षं झाली, पण औषधं तोलायचा काचेच्या पेटीतला तराजू त्यानं विकला नव्हता. तो तळघरात ठेवून त्यावर तो बाण तोलायचा. ग्रेन हे माप मूळचं औषधवाल्यांचंच; चिमूटभर पुडीचं. चारशे ग्रेनचा बाण म्हणजे सव्वीस ग्रॅम.

"आले का वेगवान ताइस्तो!" मला पाहताच तो म्हणाला. "कमान बरी आहे ना? आणि कान?"

"दोन्ही बरे आहेत. हेल्वीला बाण हवेत."

"मग हेल्वीला बोलू दे."

हेल्वीनं त्याला आठ वर्षांपूर्वीची सगळी हकीकत सांगितली. मोजून पाच-सहा वाक्यांत, माझं नाव न घेता. बोहदान खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं मला विचारलं, "तो बाण किती वजनाचा होता?"

"चारशे पाच." मी म्हणालो. "पण वेग..."

"किती वेगानं गेला ते मला नको सांगूस. थांबला कुठे ते मी ऐकलंय." तो हेल्वीकडे वळला. "या तराजूवर मी लोकांना औषधं दिली. माप चुकलं तर माणूस दुसऱ्या दिवशी शिव्या देत परत यायचा आणि आपली चूक आपल्याला कळायची. जनावर परत येत नाही. म्हणून इथं जास्त जपून तोलायचं. वेळ आहे ना तुला?"

"जुलै चाललाय. सप्टेंबरपर्यंत आहे."

"पुष्कळ झाला."

पुढचे दोन महिने आम्ही आठवड्यातून तीनदा त्याच्या परसात जात होतो. त्यानं खाटकाकडून मूसच्या खांद्याचं फऱ्याचं हाड आणलं, ते तारेनं टांगलं, त्याच्यावर जुना लोकरीचा ओला कोट घातला आणि मागं दाट फोमचा ठोकळा ठेवला. पहिला बाण माझा. मीच सोडला, वीस पावलांवरून. फाडकन आवाज आला. तोच आवाज. आठ वर्षांनी तो ऐकल्यावर हेल्वीनं डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. कोट बाजूला केला तर हाड फुटलेलं होतं, पण टोकाची पाती वाकडी होऊन तिथंच अडकली होती आणि दांडी मधोमध मोडलेली होती. फोमला नख लागल्याएवढी खूण.

मग बोहदाननं दुसरा बाण दिला. दांडी जाड, तिच्या तोंडात पितळेचा तुकडा बसवलेला, पुढे दोन पात्यांचं अखंड पोलादी टोक, एकट्या टोकाचं वजन दोनशे ग्रेन. हेल्वीनं तो सोडला. या वेळी आवाज निराळाच झाला. जड घडीची चादर कुणी बिछान्यावर टाकावी तसा. हाडात एक सरळ फट पडली होती, बोट जाईल एवढी, आणि बाण फोमच्या आरपार जाऊन पलीकडे बटाट्याच्या वाफ्यात पडला होता.

मी वाफ्यातून तो उचलून आणला. पात्याच्या टोकाला मातीखेरीज काही नव्हतं.

"या दोन बाणांत फरक किती?" हेल्वीनं विचारलं.

बोहदाननं दोन्ही बाण तोलले, मोडक्याचे तुकडे गोळा करून. "दीडशे ग्रेनच्या वर थोडा. अडीच चमचे साखर."

"अडीच चमचे साखर," हेल्वी स्वतःशीच म्हणाली.

तुम्हाला वाटेल, झालं, मग जितका जड तितका बरा. मलाही तसंच वाटलं आणि मी शहाणपणा करून म्हणालो, की मग अडीचशेचं टोक लावू, तीनशेचं लावू. बोहदान हसला. "लाव की. मी कुठे अडवलंय?" अडीचशेचं टोक लावून हेल्वीनं तीस पावलांवरून पाच बाण सोडले आणि पाच बाण पाच गावांना गेले. पुढे ओझं फार झालं की सुटताना दांडी लवते आणि बाण माशासारखा शेपूट हलवत जातो. तो असा वाकडा जाऊन हाडावर आपटला तर वजनाचा उपयोग शून्य. मग सव्वाशेचं टोक, दीडशेचं, पुन्हा दोनशेचं. प्रत्येकाचे पाच-पाच बाण, वाऱ्यात, उन्हात, एकदा भुरभुर पावसात. बोहदान प्रत्येक बाण सुरीच्या पाठीवर आडवा ठेवून त्याचा तोल कुठे साधतो ते बघायचा आणि दांडीवर पेन्सिलीनं रेघ मारायचा. दोनशेच्या टोकानं पाचही छिद्रं कॉफीच्या कपाच्या तोंडात मावतील एवढी जवळ पडली. एकदा नाही, सलग चार दिवस.

चौथ्या दिवशी त्यानं दांडी, पिसं, पितळ, टोक असा पुरा बाण तराजूवर ठेवला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. त्या काचेच्या पेटीसमोर माणूस आपोआप श्वास रोखतो.

"पाचशे बासष्ट," तो म्हणाला. "असे सहा करतो. सहाही पाचशे बासष्ट. एकसष्ट झाला तर परत खोलेन."

"आणि पडतो किती?" हेल्वीनं विचारलं. हा प्रश्न मी विचारणार होतो, कारण जड बाणावर माझा तोच आक्षेप होता. आम्ही मोजून पाहिलं. चाळीस पावलांवर तो माझ्या हलक्या बाणापेक्षा चार बोटं खाली लागत होता, आणि पुढे तर विचारू नका.

"चार बोटांचं काय, दुर्बिणीतून तेवढं वर धरायचं," मी म्हणालो.

"अंतर बरोबर ओळखलं तर," बोहदान म्हणाला. "मूसचं अंतर कुणाला बरोबर ओळखता येत नाही. जनावर एवढं मोठं असतं की ते नेहमी असतं त्यापेक्षा जवळ वाटतं."

हेल्वी बराच वेळ निशाणाकडे बघत उभी होती. मग निशाणापाशी गेली आणि तिथून पावलं मोजत मागे आली. पंचविसाव्या पावलावर थांबली आणि बुटाच्या टाचेनं गवतात रेघ ओढली. "इथून. याच्या पलीकडे नाही."

"पंचवीस?" मी ओरडलो. "अगं, माजावरचा नर! त्याच्या तोंडाचा वास येईल!"

"येऊ दे."

"आणि तो नाहीच आला एवढ्या जवळ तर?"

"तर नाही आला. तू हाका मारणार आहेस ना? आण त्याला."

तिथून पुढे मला झोप लागेना. तोवर हा सगळा खेळ तिचा होता. आता अर्धा माझ्या गळ्यात पडला.

हेल्वी मात्र कामाला लागली. पाती तिनं स्वतः घासली, ऑगस्टभर, ओसरीत बसून, दगडावर तेलाचा थेंब टाकून. धार लागली की नाही ते ती डाव्या हातावरचे केस काढून बघायची. महिनाअखेर त्या हातावर एक केस उरला नव्हता. शेजारीण म्हणाली, "हेल्वी, दुसऱ्या हातानं काय पाप केलंय?" हेल्वी म्हणाली, "दुसरा हात घासतोय."

आमचा कॅम्प लाप्पेच्या उत्तरेला, दोन तासांचा कच्चा रस्ता आणि मग होडीनं तळ्यापलीकडे. लाकडाची एक खोली, शेजारी वाफेच्या अंघोळीची सौना, आमच्या वडिलांनी बांधलेली. पहिले दोन दिवस वारा चुकीचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. आम्ही आत बसलो, चुलीवर मोयाक्का, आमचा मांस-बटाट्याचा रस्सा, शिजत होता, मी कॉफीत पुल्ला, वेलदोड्याचा गोड पाव, बुडवून खात होतो. छपरावरून पाणी एकसारखं गळत होतं. अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

"हेल्वी," मी म्हणालो, "तो बाण मी बनवला होता."

"कुठला?"

"तुला माहिताय कुठला. सगळे मला सांगत होते की मूससाठी तो फार हलका आहे. बोहदाननं तर तोंडावर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुला ते बोललोही नाही."

ती पातेल्यात चमचा फिरवत राहिली.

"बनवलास तू," ती म्हणाली. "सोडला मी. तो त्रेचाळीस पावलांवर होता आणि माझा हात कापत होता, आणि मला वाटलं, आत्ता नाही सोडला तर जाईल. तू ते पाहिलं नाहीस. मी पाहिलंय." मग चमचा पुढे करून, "मीठ कमी आहे का बघ."

मी चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं. मी तिला तसं सांगितलं आणि आम्ही जेवलो. आठ वर्षं घशात अडकलेलं एवढ्यात संपलं, याचं मला नवल वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी पहाटे आभाळ निवळलं. गवतावर हिव पडलं होतं आणि तळ्यावर धुकं इतकं दाट की होडीचं टोक दिसत नव्हतं. वारा नव्हताच, जी झुळूक होती ती तळ्याकडून आमच्याकडे. तळ्याच्या एका उथळ फाट्याशी आम्ही उतरलो. हेल्वी काठावर आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या बुंध्याआड गुडघ्यावर बसली, क्रॉसबो बुंध्यावर टेकवून. मी तिच्या मागे तीसेक पावलांवर झुडपांत. मादीचा आवाज मागून यावा आणि नर तिच्या समोरून जावा, असा बेत.

उजाडून धुकं जरा विरळ झालं तेव्हा मी भूर्जाच्या सालीचा कर्णा तोंडाला लावला. माजावरची मादी कण्हते तसा लांब, रडका, वरून खाली घसरणारा सूर. दोनदा. मग थांबलो. अर्ध्या तासानं पुन्हा. मग डब्यात पाणी घेऊन ते उंचावरून झुडपांलगतच्या उथळ पाण्यात ओतलं, मादी पाण्यात उभी राहून मुतते तसं. हेल्वीचे खांदे हलले. ती हसत होती. लहानपणी वडील हे करायचे तेव्हा आम्ही दोघं हसून हसून मार खायचो.

तासाभरानं उत्तर आलं.

ते ऐकू येण्याआधी मला छातीत जाणवलं. खोल विहिरीत कुणी मोठा धोंडा टाकावा तसा एक आवाज. मग दुसरा. नर चालताना एकेका पावलाला असा हुंकार देतो. तो तळ्याच्या पलीकडच्या कडेनं येत होता. हुंकार वाढत गेले आणि एकाएकी थांबले. मग झाडं मोडल्याचा आवाज. शिंगांनी तो झुडपं झोडपत होता, कुणी दुसरा नर असेल तर त्याला ऐकवत. आणि मग काहीच नाही. दहा मिनिटं.

तो आला तेव्हा आवाज झाला नाही. अर्धा टन वजनाचं जनावर गुडघाभर पाण्यातून येतं आणि पाणी वाजत नाही, हे मी लोकांना सांगतो तेव्हा ते हसतात. धुक्यात आधी शिंगं दिसली. दोन उघडे पंजे, माझ्या हातांच्या पसाऱ्याएवढे, आणि त्यांच्यावरून शेवाळ आणि कमळाच्या दांड्या लोंबत होत्या, पाणी ठिबकत होतं. त्यांच्याखाली धुकं काळं होत गेलं आणि तो काळा भाग म्हणजे त्याचं अंग होतं. खांद्याशी माझ्या डोक्याहून उंच. नाकपुड्यांतून वाफ. सूर्य त्याच वेळी झाडांच्या वर आला आणि त्याच्या पाठीवरचं हिव चमकलं. त्याच्या पाठीवर हिव पडलं होतं! रात्रभर तो कुठंतरी उभा राहिला होता आणि आमच्या गवतावर पडलं तसं हिव त्याच्यावरही पडलं होतं.

चाळीस पावलांवर तो थांबला. आडवा, पुरा उघडा. माझ्या हातात क्रॉसबो असता तर मी चाप दाबला असता, खोटं कशाला बोलू. हेल्वी हलली नाही. तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, कान पुढे. किती वेळ? मला सांगता येणार नाही. त्याला मादी दिसत नव्हती आणि त्याचा विश्वास डळमळत होता, ते त्याच्या कानांवरून कळत होतं. तो मान वळवू लागला. आता तो जाणार.

मी कर्णा खाली ठेवला. ओंजळ तोंडाशी धरली आणि अगदी हळू, नाकातल्या नाकात कण्हलो. जवळ असलेली मादी करते तसा, कुरकुरल्यासारखा आवाज. माझ्या आयुष्यात मी काही बरं केलं असेल तर तो एक सूर.

तो वळला आणि सरळ हेल्वीकडे चालत आला.

तीस. पंचवीस. वीस. आता मलासुद्धा त्याचा वास येत होता, मूत, चिखल आणि कस्तुरीसारखं काहीतरी उग्र. चौदा पावलांवर (आम्ही नंतर मोजली) तो बुंध्याच्या समोरून आडवा जाऊ लागला आणि थांबला. त्याचा डोळा मला दिसत होता. त्या डोळ्यात तळं होतं, सूर्य होता, झाडं होती. पण पुढचा पाय मागे होता, खांद्याचं हाड नेमकं काळजावर. हेल्वीनं क्रॉसबो कधी खांद्याला लावला ते मी पाहिलं नाही, लावलेलाच दिसला. ती थांबली होती. तिचा हात कापत नव्हता.

नरानं एक पाऊल पुढे टाकलं.

दोरीचा आवाज झाला, फार छोटा, दाराची कडी लागावी तेवढा. आणि त्याच क्षणी नराच्या पलीकडे, तळ्यात, डुबुक. बस्स.

नर दचकला नाही. त्यानं मान फिरवली आणि जिथं पाणी उडालं होतं तिकडे पाहिलं. बाण त्याच्यातून आरपार जाऊन पाण्यात पडला होता आणि तो त्या आवाजाकडे बघत होता, मासा उडाला की काय म्हणून! त्याचे कान तिकडे वळले. पाण्यावरच्या वर्तुळांकडे त्यानं पुरता वेळ पाहिलं. मग तो चालू लागला, घाई न करता. एक, दोन, तीन... मी मोजत होतो. नऊ पावलं. नवव्या पावलाला तो थांबला, जरासा झुलला, आणि पुढचे गुडघे वाकवून खाली बसला. दमलेलं जनावर गवतात बसतं तसा. मग मान खाली गेली आणि एक शिंग पाण्यात टेकलं.

तळ्यावर पुन्हा काहीच नव्हतं. धुकं, सूर्य. कुठलासा पक्षी बोलत होता, तो आधीपासूनच बोलत असावा.

मी उठलो नाही. हेल्वीही उठली नाही. पडल्यावर अर्धा तास जवळ जायचं नाही ही आमच्यातली रीत आहे. माझे गाल ओले होते. कधी झाले, कुणास ठाऊक. मी बारा वर्षांचा असल्यापासून जंगलात जातोय. किती मरणं पाहिली. धडपड, किंकाळ्या, रक्ताच्या माळा. हे मी कधी पाहिलं नव्हतं. मरण त्याच्या अंगातून गेलं आणि त्याला त्याची कुणकुणसुद्धा लागली नाही.

अर्ध्या तासानं हेल्वी उठली, टोपी काढली आणि त्याच्याकडे गेली. तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला. हिव वितळून केस ओले झाले होते.

"ताइस्तो," तिनं हाक मारली. "ये ना. एकटीला पाहवत नाही एवढं."

आम्ही दोघं त्याच्या बाजूला पाण्यात बसलो. बूट भरले तरी बसलो. त्याच्यासमोर आम्ही लहान पोरांसारखे दिसत असू. हेल्वीनं त्याच्या शिंगावरची कमळाची दांडी सोडवली आणि पाण्यात सोडून दिली.

नंतर काम. परवान्यावर खूण केली, बाह्या वर केल्या, सुऱ्या काढल्या. अर्ध्या टनाचं जनावर दोन म्हाताऱ्यांनी सोलायचं, फोडायचं आणि होडीनं न्यायचं म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा. कावळे आले, झाडांवर ओळीनं बसले आणि आम्हाला हसत राहिले. फासळ्या उघडल्या तेव्हा हेल्वीनं मला बोलावलं. बाण जाताना एका फासळीतून गेला होता आणि निघतानाही एका फासळीतून. दोन्हीत सारखीच सरळ फट. मी एकीत बोट घातलं. कडा गुळगुळीत होत्या, एकही कुसळ नाही. बोट बाहेर काढलं आणि मी बराच वेळ त्याकडे बघत राहिलो.

"काय झालं?" हेल्वी म्हणाली.

"काही नाही. अडीच चमचे."

"हं. चल, मागचा पाय धर."

तिनं काळीज बाहेर काढलं तेव्हा ते तिच्या ओंजळीत मावत नव्हतं. गारठ्यात त्याच्यातून वाफा निघत होत्या. "धर," ती म्हणाली, आणि मी घेतलं. माझी बोटं सकाळपासून बधिर होती. ती त्या उबेनं हळूहळू मोकळी झाली आणि मला एकदम लाज वाटली, कशाची ते कळलं नाही. मी ते फडक्यात गुंडाळून होडीत, सगळ्यात पुढे, सपाट जागी ठेवलं.

सहा खेपा झाल्या. शेवटची खेप कॅम्पला लागली तेव्हा ऊन कलत आलं होतं. मी सौना पेटवली. हेल्वीनं काळजाचे पातळ काप केले, लोण्यात कांद्याबरोबर परतले, वर मीठ घातलं. राईच्या पावाबरोबर आम्ही ते तव्यातूनच खाल्लं. फाटा, फासळ्या, धुकं, सगळं बोलून झाल्यासारखं वाटत होतं आणि बोललो तर काहीच नव्हतो.

"चौदा पावलं," मी एकदा म्हणालो.

"तू आणलंस त्याला," ती म्हणाली.

थोड्या वेळानं पाहिलं तर ती टेबलावर हाताची उशी करून झोपली होती, काटा मुठीत तसाच. खिडकीतून उन्हाची तिरीप तिच्या डाव्या, बिनकेसांच्या हातावर आली होती. मी तिच्या मुठीतला काटा हळूच काढला, चुलीत एक ओंडका टाकला आणि सौनाचं पाणी बघायला बाहेर गेलो.